मयतांचं पान

सीदी ब्राहम गावात कोणी वारलं, तरी मोंजीने लिहिल्याशिवाय ते वारलं असं लोक धरत नसत. डॉक्टरचा कागद घरच्यांसाठी असे. गावासाठी मोंजीचं पान.

मोंजी कर्रूद नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदणीला सदतीस वर्षं होता. एका अक्षराच्या फरकावरून त्याने इतक्या लोकांना परत पाठवलं होतं, की गावाने त्याचं आडनाव बदलून टाकलं. त्याला मोंजी दाखला म्हणत, आणि तोंडावरच म्हणत. निवृत्त झाल्यावर दोन महिने त्याने अंगणातल्या लिंबाला पाणी घातलं. तिसऱ्या महिन्यात लिंबाची पानं पिवळी पडायला लागली. त्याची बायको सलूहा म्हणाली, "झाडाला जगू दे, दुसरं काही बघ." मग त्याने इंटरनेटवर एक पान उघडलं: 'सीदी ब्राहमचे दिवंगत'.

याला अकरा वर्षं झाली. गावात माणसं नऊ हजार आणि पानाचे वाचक बारा हजार. वरचे तीन हजार समुद्रापलीकडे मार्सेय, तूलाँ, पालेर्मो अशा शहरांत होते आणि गावात आज कोण गेलं हे सकाळच्या कॉफीबरोबर बघत होते.

पानाची शिस्त कडक होती. नाव, वडिलांचं नाव, वय, कुणाची बायको किंवा कुणाचा बाप, अंत्ययात्रा कुठल्या घरून, कुठल्या नमाजानंतर. संपलं. कुणी 'आमचे प्रेमळ वडील' लिहा म्हणालं, तर मोंजी विचारी, प्रेमळ होते याला आधार काय. शिवाय दोन वेगळ्या घरांतून दोन फोन आल्याशिवाय तो कुणालाच पानावर घेत नसे. एकदा अम्मार मच्छीमार सफाक्सच्या इस्पितळात गेला अशी बातमी त्याच्या पुतण्याने रडत रडत दिली. मोंजी दुसऱ्या फोनची वाट बघत बसला. दुसरा फोन खुद्द अम्मारचा आला, बोटीच्या परवान्याबद्दल. तेव्हापासून कुणी त्याच्या पद्धतीला नावं ठेवली नाहीत.

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, जेवणं झाल्यावर, मोंजीला एक संदेश आला. 'आपल्या पानाने नियम क्रमांक ४.२ चा भंग केला आहे. चोवीस तासांत खुलासा न आल्यास पान कायमचं बंद करण्यात येईल.' खाली अर्ज होता.

मोंजीने तो दोनदा वाचला. नियमाला क्रमांक होता, मुदत होती, कोपऱ्यात शिक्क्यासारखं काहीतरी गोल होतं. अकरा वर्षांत त्या कंपनीत कुणीतरी नीट काम करणारा माणूस बसलाय असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. त्याने अर्ज भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, ईमेल, पासवर्ड. अर्ज रिकामा सोडणारा माणूस तो नव्हताच. वडिलांचं नाव विचारलेलं नव्हतं, तेही त्याने 'शेरा' या रकान्यात लिहिलं. मग पोचपावतीची वाट बघत बसला. पोचपावती आली नाही. तासाभराने पान उघडायला गेला, तर पासवर्ड चुकीचा आहे असं आलं. त्याने तो पुन्हा सावकाश, एका बोटाने टाकला. तरी चुकीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर नवी नोंद होती. नोंद चहाची होती. एका महिन्यात बारा किलो वजन कमी करणारा, पोटाचा घेर उतरवणारा हिरवा चहा. वर एका बाईचा फोटो होता, त्यात ती आपल्याच जुन्या पँटच्या एका पायात उभी होती. त्याच्या बरोबर खाली हाज्जा महबूबा शत्ती, वय ८४, हिची अंत्ययात्रा.

सवयीचा भाग असा की पान उघडून खाली 'अल्लाह त्यांच्यावर दया करो' लिहायचं हे लोकांच्या बोटांत बसलेलं होतं. दुपारपर्यंत सतरा जणांनी चहासाठी दुवा मागितली होती. पालेर्मोहून एकाने विचारलं होतं, यांचं वय काय.

कॅफेत मोंजी गेला तेव्हा निवृत्त पोस्टमन ख्लीफाने पत्ते पिसता पिसता विचारलं, "मोंजी, हा चहा दफनाच्या आधी घ्यायचा की नंतर?" मोंजीने सांगितलं की पान चोरीला गेलंय. ख्लीफा म्हणाला, हो, हो, चोराला गावाचं वजन बघवलं नसेल. बाकीचे हसले. मोंजीने आपली कॉफी उभ्यानेच संपवली. घरी आला तर सलूहा म्हणाली, शेजारची ज़क्या विचारून गेली, घरात त्या चहाचं एखादं खोकं आहे का, तिच्या सुनेला हवंय.

हे सगळं त्याने सोसलं असतं. पण शुक्रवारी शाद्ली न्हावी वारला.

शाद्लीने पन्नास वर्षं गावाचे केस कापले होते. ख्लीफाच्या लग्नाची दाढी त्यानेच केली होती, आणि मोंजीच्या वडिलांची शेवटची हजामतही. पहाटे तो गेला. त्याचा मुलगा अन्वर सूस शहरात वायरमन होता, तो सकाळी पोचला आणि त्याने नेहमीच्या रीतीने मोंजीला फोन केला. दुसरा फोन शाद्लीच्या बहिणीचा आला. दोन घरं, दोन फोन. सगळं नियमात होतं, फक्त लिहायला जागा नव्हती. मोंजीने अन्वरला तसं सांगितलं. अन्वर म्हणाला, "बरं."

मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. पण भोंगा ऐकायची सवय गावाला राहिली नव्हती. ज्यांनी ऐकला त्यांनी खात्री करायला पान उघडलं. पानावर गुडघेदुखीचा पट्टा होता. शाद्ली नव्हता. म्हणजे नसेल गेला, दुसरा कोणी शाद्ली असेल, असं म्हणून लोक कामाला लागले.

मोंजी दफनाला गेला. आयुष्यभराची सवय, त्याने माणसं मोजली. बावीस. त्यात इमाम आणि कबर खणणारे दोघं. शाद्लीला खांदा द्यायला माणसं बदलायची तर तीच तीच माणसं पुन्हा पुढे येत होती, आणि मोंजीला एकाहत्तराव्या वर्षी चार वेळा खांदा द्यावा लागला.  अन्वरने वळून एकदा रस्त्याकडे बघितलं, मागून कोणी येतंय का म्हणून. मोंजीने ते पाहिलं. रात्री त्याचा खांदा दुखत होता, पण झोप गेली ती त्या वळून बघण्यामुळे.

शनिवारी सकाळी तो रौधाच्या दुकानात गेला. रौधा पंचेचाळिशीची. बंदराच्या रस्त्यावर तिचं इंटरनेटचं दुकान होतं. तिथे मुलं खेळायला, म्हातारे पेन्शनचे अर्ज भरायला आणि बायका व्हिसाच्या तारखा मिळवायला येत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वडीलधाऱ्यांना लावायचं 'सी' लावून एकच प्रश्न विचारला.

"सी मोंजी, पासवर्ड तुम्ही स्वतः लिहून दिलात?"

"त्यांनी मागितला होता."

"बरं," रौधा म्हणाली, आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

कंपनीकडे दाद मागायची एक वाट होती. त्यासाठी ओळखपत्राचा फोटो पाठवायचा होता. पाठवला. वीस मिनिटांत उत्तर आलं: ओळखपत्रावरचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळत नाही. ओळखपत्रावर मोहम्मद मोंजी बिन ताहर कर्रूद होतं. खात्यावर 'मोंजी दाखला'. अकरा वर्षांपूर्वी खातं उघडताना त्याला वाटलं होतं की लोक याच नावाने शोधणार.

रौधा वैतागली. माणूस तोच आहे, फोटोत दिसतंय, मिशीसकट, असं ती पडद्यालाच सांगू लागली. मोंजी मात्र शांत होता.

"त्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मीही मला परत पाठवलं असतं."

दुसरी वाट होती, चेहऱ्याचं चित्रण पाठवायची. मान डावीकडे, मान उजवीकडे, वर, खाली. मोंजीची मान डावीकडे फार वळत नसे, आणि कालच्या खांद्यानंतर तर मुळीच नाही. तीनदा प्रयत्न झाला. तिन्ही वेळा आपण जिवंत व्यक्ती आहात याची खात्री पटू शकली नाही, असं आलं. मोंजीने तेही ऐकून घेतलं.

मग रौधाला एक गोष्ट सापडली. चोराने पासवर्ड बदलला होता, ईमेल बदलला होता, पण खात्याला जोडलेला एक जुना फोन नंबर त्याला काढता आला नव्हता. तो काढायचा तर त्याच नंबरवर आलेला कोड लागतो. त्या नंबरवर आपणही कोड मागवू शकतो, तो टाकला की खातं आपलं. नंबरचे फक्त शेवटचे दोन आकडे दिसत होते. अडतीस.

"हा कुणाचा? तुमचा तर सहासष्ट आहे."

मोंजीने ते दोन आकडे पुन्हा वाचले. खातं उघडलं तेव्हा त्याच्याकडे साधा फोन होता, बटणांचा. खातं धाकट्या भावाच्या फोनवरून उघडलं होतं, भावाच्याच गॅरेजमध्ये, स्टुलावर बसून.

"तिजानीचा," तो म्हणाला.

रौधाने मान हलवली. कर्रूदांच्या दोघा भावांत सहा वर्षं विस्तव जात नव्हता, हे गावात पानाशिवायही सगळ्यांना ठाऊक होतं.

मोंजी घरी आला आणि त्याने सलूहाला एक योजना सांगितली. तिने तिजानीच्या बायकोला, हनीयाला, फोन करायचा. भाऊ बोलत नसले तरी या दोघी जावा इतकी वर्षं व्यवस्थित बोलत होत्या. मुलूखियाच्या कालवणाची भांडी या घरातून त्या घरात जात-येत असत आणि ती आपल्या घरची नाहीत हे मोंजीला कळत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तर कोड तिजानीने हनीयाला सांगायचा, हनीयाने सलूहाला, सलूहाने मोंजीला आणि मोंजीने रौधाला.

"कोड किती वेळ चालतो?" सलूहाने विचारलं.

"दहा मिनिटं."

"हनीया फोनवर आली की पहिली दहा मिनिटं गुडघ्याची असतात." सलूहाने भाजी चिरायला घेतली. "तू जा. चार गल्ल्यांवर आहे, परदेशात नाही."

मोंजी दुपारी निघाला. वाटेत त्याला दोन कामं आठवली, ती करून झाली, तरी गॅरेज आलंच.

तिजानी मोपेड दुरुस्त करत असे. पासष्टीचा होता, पण हात अजून घट्ट. जमिनीवर एक जुनी मोपेड सुटी करून मांडलेली होती आणि तो तिच्यासमोर पाय पसरून बसला होता. दारातला उजेड कमी झाला तसं त्याने वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

"कुणाची गाडी?" मोंजीने विचारलं.

"ज्याची आहे त्याची."

"क्लच गेलाय?"

"तू क्लचचं विचारायला आलायस?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मोंजीने सांगितलं की पान चोरीला गेलं. तिजानीच्या फोनवर एक कोड येईल, सहा आकडी, तो हवा.

तिजानीने पाना खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"आणखी एक जणही मागत होता," तो म्हणाला. "बुधवारपासून. आधी नुसते कोड येत होते. मला वाटलं तूच काहीतरी करतोयस. मग गुरुवारी एकाचा फोन आला. म्हणे कंपनीतून बोलतोय, तुमच्या नंबरवर आलेला आकडा सांगा. बोली पूर्वेकडच्या देशांतली."

"मग?"

"मग काय. मी म्हणालो, ओळखपत्र घेऊन ये."

मोंजी दारातच उभा होता. त्याने खिशातून फोन काढला, रौधाला लावला आणि आवाज मोठा करून तेलाच्या डब्यावर ठेवला. रौधाने कोड मागवला. तिजानीच्या शर्टाच्या खिशात काहीतरी वाजलं. त्याने खिशाला हात लावला नाही.

"सहा वर्षं," तिजानी म्हणाला, "तुझ्या पानाची किल्ली या खिशात आहे. मला ठाऊक होतं. कोड मागवायचा आणि आत शिरायचं, एवढंच. आईची नोंद मी कधीही बदलू शकलो असतो. एकदाही हात लावला नाही."

मोंजीला हे कधी सुचलंच नव्हतं. पान आपल्या घरात आहे आणि दार आतून बंद आहे, असंच तो समजत होता. तो म्हणाला, "नोंदीला पत्ता जुन्या घराचा, म्हणजे माझ्याच घराचा होता. कागदोपत्री आई तिथेच राहत होती."

"आई माझ्या घरी वारली, मोंजी. चार वर्षं माझ्या घरी होती. हनीयाने तिला हाताने भरवलं. तिला माझ्या दारातून उचललं. आणि तू लिहिलंस, अंत्ययात्रा थोरल्याच्या घरून. सगळं गाव तुझ्या दारात गेलं. मी चाळीस खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या. नमाजापर्यंत एकीवर हनीया बसली होती आणि एकीवर मी."

"लोकांनी विचारलं असतं तर—"

"पान आहे म्हटल्यावर कोण विचारतं?"

मोंजीकडे याला उत्तर होतं. सहा वर्षं तयार होतं: नोंद ही नोंद असते, ती मायेवर चालत नाही. पण काल शाद्लीला चार वेळा खांदा देऊन तो आला होता आणि ते उत्तर त्याच्या तोंडातून निघेना. तो आत आला आणि स्टुलावर बसला.

"शाद्लीच्या मयताला बावीस माणसं होती," तो म्हणाला.

"तेवीस. मी भिंतीपाशी होतो."

"तुला कसं कळलं?"

"भोंग्यावरून. मी पान बघत नाही."

 बाहेरून एक हातगाडी गेली.

"माझं चुकलं," मोंजी म्हणाला. मग, हे पुरेसं नेमकं झालं नाही असं वाटून, पुढे म्हणाला, "पत्ता चुकीचा लिहिला. मला खरा माहीत होता."

 तेलाच्या डब्यावरून रौधाचा आवाज आला.

"सी मोंजी, दहा मिनिटं झाली. पुन्हा मागवू का? की तुमचं अजून चालायचंय?"

दोघांनी डब्याकडे पाहिलं. ती सुरुवातीपासून ऐकत होती हे त्यांच्या लक्षात आलं.

"मागव," तिजानी म्हणाला.

फोन वाजला. तिजानीने तो काढला. काच तडकलेली होती आणि चौथा आकडा नेमका तड्याखाली. त्याने तीन म्हणून वाचला. चुकला. रौधाने सांगितलं की आता एकदाच संधी आहे, त्यानंतर एक दिवस थांबावं लागेल. तिजानीने फोन उजेडात नेला, तिरका केला. मोंजीनेही मान पुढे केली. दोघांनी ठरवलं की तो आठ आहे. पलीकडून कळफलकाचा आवाज आला, मग काही नाही, आणि मग रौधा म्हणाली, "मी आत आले. आता दोघंही इकडे या, लगेच. चोर जागा असेल तर तोही येईल."

तिजानीने शटर ओढलं. दोघं भाऊ बाजारातून बरोबर चालत गेले.  कॅफेसमोरून जाताना पत्त्यांचा डाव थांबला. ख्लीफाने हातातले पत्ते टेबलावर उपडे ठेवले.

रौधाने तोवर पासवर्ड बदलून बाकी सगळ्या ठिकाणी उघडलेलं खातं बंद करायला घेतलं होतं. पानाचं कारभारीपण चोराने आणखी दोघांना देऊन ठेवलं होतं, त्यातली एक सोफी नावाची सोनेरी केसांची बाई होती. काढून टाकण्याआधी तिला लेखी कळवायला हवं का, असं मोंजीने विचारलं. रौधाने बटण दाबून टाकलं. चहा, पट्टा, केस उगवणारं तेल, अशा एकेचाळीस जाहिराती पुसल्या. चहाखालच्या दुवाही त्यांच्याबरोबर गेल्या.

मग नवा पासवर्ड. रौधाने हा तात्पुरता ठेवलाय, आता तुमचा तुम्ही ठरवा, असं म्हणून खुर्ची सोडली. मोंजी म्हणाला, आईच्या जाण्याची तारीख. ती म्हणाली, सी मोंजी, ती पानावरच लिहिलेली आहे. मग लग्नाची? सासऱ्यांच्या नोंदीत तीही आहे. विचार करता मोंजीच्या लक्षात आलं की आपल्या आयुष्यातल्या सगळ्याच तारखा आपण गावाला सांगून बसलोय. शेवटी तिजानीने त्याच्या कानात चार शब्दांचं एक वाक्य सांगितलं, लहानपणी शेजारच्या गाढवाबद्दल ते म्हणत तसलं काहीतरी. मोंजीने ते एका बोटाने टाकलं. रौधा पाठ फिरवून उभी राहिली होती. तिच्या कानावर आलं ते एवढंच, की दोन म्हातारे नाकातून हसले.

तिने आणखी एक कुलूप घातलं. आता नुसता पासवर्ड पुरणार नव्हता. कुणी नव्या जागेवरून आत यायचा प्रयत्न केला की फोनवर विचारणा येणार, 'हे तुम्हीच आहात का?' आणि हो म्हटल्याशिवाय दार उघडणार नाही. फोन हरवला तर वापरायला दहा आकड्यांचा एक कागद छापून मिळाला. मोंजीने त्यावर तारीख घालून सही केली. त्याची एक प्रत दुकानात ठेव म्हणाला, तर रौधाने नकार दिला. इथे दिवसाला पन्नास माणसं येतात, ती म्हणाली, आणि त्यातली निम्मी माझ्या टेबलावर कोपर ठेवून बोलतात.

"आणि सगळं एकट्या माणसावर ठेवू नका. दुसरा एक कारभारी हवा. तुम्हाला काही झालं तर पान कोण उघडणार? तुमचीच नोंद कोण करणार?"

याचा मोंजीने विचारच केला नव्हता. त्याने तिजानीकडे पाहिलं. तिजानी म्हणाला की तो करील, पण आईची नोंद आधी नीट व्हायला हवी.

झालेली नोंद खोडायची नाही, हे मोंजीच्या रक्तात होतं. चूक असली तरी ती दिसली पाहिजे आणि तिच्याशेजारी समासात दुरुस्ती, तारखेसह. त्याने तसंच केलं. सहा वर्षांपूर्वीची नोंद शोधून काढली आणि तिच्याखाली लिहिलं: 'दुरुस्ती. अंत्ययात्रा धाकटा मुलगा तिजानी याच्या घरून निघाली. त्या तिथेच राहत होत्या, चार वर्षं. शुश्रूषा सून हनीया हिने केली. चूक नोंद करणाऱ्याची.' तिजानीने वाचलं आणि विचारलं, हे एवढं खाली कोण बघणार. रौधा म्हणाली, वर आणता येतं. एकाच माणसाची नोंद दोनदा वर आणल्याचं मोंजीला आठवत नव्हतं. त्याने क्षणभर विचार केला आणि आणली.

त्यानंतर शाद्लीची. 'शाद्ली बिन उमर म्ज़ाली, वय ७९, न्हावी. दफन काल झालं. पान बंद असल्याने कळवता आलं नाही. कुटुंबीय उद्या असरच्या नमाजानंतर घरी भेटतील.'

रविवारी शाद्लीच्या गल्लीत माणूस मावेना. ख्लीफा दोनदा आला, पहिल्यांदा तो अन्वरपर्यंत पोचलाच नव्हता. मोंजी रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने अन्वरचा हात धरून सांगितलं की चूक त्याची होती, अर्ज त्याने भरला होता.  "बाबांना तशी गर्दी आवडायची नाही," अन्वर म्हणाला. ते माफ करणं होतं की नव्हतं, हे मोंजीला आजवर ठरवता आलेलं नाही.

तिजानीच्या घरी पुढचे दोन-तीन दिवस लोक येत राहिले, सहा वर्षं उशिराने. हनीयाने सगळ्यांना कॉफी केली. ती सलूहाला फोनवर म्हणाली की हे काय नवीनच, माझी साखर संपली, आणि बोलता बोलता ती रडायला लागली.  त्या दिवशी गुडघ्याचा विषय निघाला नाही.

आता पानावर दोघं लिहितात. तिजानी शुद्धलेखनात कच्चा आहे, मोंजी मागून सुधारतो. भाऊ जेवायला म्हणून एकमेकांकडे अजून फारसे जात नाहीत. बोलतात ते फोनवर, आणि कामापुरतं. चोर अधूनमधून दार हलवून बघतो. रौधाने दोघांचे फोन जोडून ठेवलेत, त्यामुळे दोघांच्याही फोनवर विचारणा येते आणि तिजानीचा फोन येतो.

"तू होतास?"

"नाही. तू?"

"नाही."

"मग नाही दाब."

दोघं नाही दाबतात आणि फोन ठेवतात. महिन्यातून दोन-तीनदा असं होतं.

मे महिन्यात तीन आठवडे काहीच आलं नाही. चोराने बहुतेक नाद सोडला. मोंजीने आणखी दोन-चार दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी तो रौधाच्या दुकानात गेला, कोपऱ्यातल्या यंत्रापाशी बसला आणि एका बोटाने गाढवाचं ते वाक्य टाकलं. फोन टेबलावर समोर ठेवला. अर्ध्या मिनिटात तो वाजला.

"तू आहेस?" तिजानीने विचारलं.

"मी आहे. तपासत होतो."

"चालतंय?"

"चालतंय."

तिजानी ठेवेल म्हणून मोंजी थांबला. पलीकडे पाना पडल्याचा आवाज झाला.

"हो दाबू का?" तिजानी म्हणाला.

"दाब."